एक कागद, चार लेखण्या : परिचर्येच्या वर्गातील सहलेखन

(परिचर्या-शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



परिचारिकेचा दिवस लेखणीवाचून जात नाही, ही गोष्ट रुग्णालयाबाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. त्याला दिसतात ते तिचे हात : सुई टोचणारे, सलाईन लावणारे, जखम बांधणारे. परंतु पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हेच हात पुन:पुन्हा कागदाकडे वळतात. ताप, नाडी व श्वास यांचा तक्ता, रुग्णाच्या पोटात गेलेल्या आणि शरीराबाहेर पडलेल्या पाण्याचा हिशेब, दिलेल्या औषधाची मात्रा व वेळ, पुढच्या पाळीच्या परिचारिकेस द्यावयाचा अहवाल, हे सारे तिला लिहावे लागते. आणि ते असे लिहावे लागते की, लिहिणारी घरी गेल्यानंतर जी कोणी ते वाचील तिला त्यातून एकच अर्थ निघावा. दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. लिहायचे राहून गेले तर दिलेले औषध दुसऱ्यांदा दिले जाण्याचा संभव असतो. परिचर्येत लेखन हा उपचाराचाच एक भाग आहे.

अशा या व्यवसायाचे शिक्षण घेणारी विद्यार्थिनी वर्गात काय लिहिते, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे. पुष्कळ ठिकाणी उत्तर एकच मिळते : ती अध्यापकांनी सांगितलेले उतरवून घेते. तासभर व्याख्यान चालते, फळ्यावर मुद्दे येतात, ते वहीत जातात, परीक्षेच्या वेळी वहीतून उत्तरपत्रिकेत जातात, आणि या प्रवासात त्यांना मध्येच कोठे थांबून विद्यार्थिनीच्या स्वत:च्या विचाराची भेट घ्यावी लागत नाही. वर्ग शांत असतो. ही शांतता शिस्तीची आहे असे वाटते. परंतु पुष्कळदा ती भीतीची असते. ही शांतता मोडण्याचा एक साधा, बिनखर्चाचा व अनुभवाने पटण्यासारखा मार्ग म्हणजे वर्गात थोडा वेळ, थोड्या जणींनी मिळून, थोडे लिहिणे. यालाच सहलेखन म्हणावयाचे.

शांततेचे मूळ

गोव्यात काय, बेळगाव-खानापूरच्या सीमाभागात काय, परिचर्येच्या वर्गात बसलेल्या मुलींच्या भाषांची मोजदाद केली तर ती एका बोटावर होत नाही. कोणी घरी कोंकणी बोलते, कोणी मराठी, कोणी कन्नड. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत झालेले, पुढचे निरनिराळ्या माध्यमांतून झालेले, आणि परिचर्येचे पाठ्यपुस्तक मात्र इंग्रजीत. भारतीय परिचर्या परिषदेने बी. एस्सी. नर्सिंगसाठी केलेल्या व २०२१ साली राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या विनियमांनी चार वर्षांचा हा अभ्यासक्रम आठ सत्रांत विभागला आणि पहिल्याच सत्रात संभाषणोपयोगी इंग्रजीला स्थान दिले. याचा अर्थ भाषेची अडचण परिषदेनेही मानली आहे. शरीररचनेचे शेकडो नवे शब्द, औषधांची लॅटिन वळणाची नावे आणि शिकविण्याची परकी भाषा, ही तीन ओझी घेऊन बसलेल्या मुलीस अध्यापकाने प्रश्न विचारला तर उत्तर ठाऊक असूनही ते उभे राहून सांगण्याचे धैर्य तिला होत नाही. चूक झाली तर साठ जणींसमोर होणार, ही धास्ती असते.

हीच मुलगी तीनचार वर्षांनी रात्रपाळीला वॉर्डात उभी राहणार असते. रुग्णाचे काहीतरी बिघडते आहे हे तिला दिसते. पण ते नेमके कोणत्या शब्दांत सांगावे, झोपेतून उठविलेल्या डॉक्टरांस प्रथम काय सांगावे, हे तिला सुचत नाही. जिने वर्गात बोलण्याचा सराव केला नाही, ती वॉर्डात ऐनवेळी बोलू लागेल अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करावयाची? वर्गातील मौनाची किंमत अशा रीतीने शेवटी रुग्णास मोजावी लागते.

लेखणीची जुनी परंपरा

आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल या १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी जन्मल्या आणि त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले. हातात दिवा घेतलेली त्यांची मूर्ती सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्यांच्या दुसऱ्या हातात लेखणी होती, याचा विसर पडतो. क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे त्यांनी जमविले, मांडले आणि आकृत्यांच्या रूपाने १८५८ मध्ये राज्यकर्त्यांपुढे ठेवले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक मेले, हे त्या कागदांनी दाखवून दिले. परिचर्येवरील त्यांचे छोटे पुस्तक १८५९ साली सिद्ध झाले, आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. पाहणे आणि पाहिलेले अचूक नोंदविणे, ही त्यांच्या शिकवणुकीची दोन चाके होती.

महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यास सेवासदनाची स्थापना झाली, आणि तेथून पुढे आलेल्या स्त्रियांना, त्यांत विधवाही होत्या, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. सभ्य घरातील स्त्रीने रुग्णालयात नोकरी करावी ही कल्पनाच ज्या समाजास रुचत नव्हती, त्या समाजात अक्षरओळख आणि सेवा या दोन्ही गोष्टी या स्त्रियांनी बरोबरीने आत्मसात केल्या. परिचर्या आणि लेखन यांचे नाते असे जुने आहे. सहलेखनाने वर्गात नवे काही आणावयाचे नसून, हरवलेले परत आणावयाचे आहे.

बार्बियानाचा धडा

पुष्कळांनी मिळून एक मजकूर लिहावयाचा, तो कसा? याचे एक नामांकित उदाहरण पुन्हा त्या फ्लॉरेन्स शहराजवळचेच आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरात बार्बियाना नावाची एक अगदी लहान वस्ती आहे. तेथे १९५४ च्या अखेरीस लोरेन्झो मिलानी हे धर्मगुरू येऊन राहिले. शेतकऱ्यांची जी मुले सरकारी शाळेत नापास होऊन बाहेर पडत, त्यांच्यासाठी त्यांनी शाळा चालविली. त्या शाळेतील आठ मुलांनी मिळून नापास करणाऱ्या शिक्षिकेस उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ते १९६७ च्या मे महिन्यात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, पुढच्याच महिन्यात मिलानी वारले, आणि पुस्तक मात्र अनेक भाषांत गेले.

त्या मुलांची लिहिण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येकाने सुचलेला विचार वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहावयाचा, एका चिठ्ठीवर एकच. मग साऱ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरावयाच्या. एकच विचार दोनदा आला असेल तर एक चिठ्ठी काढून टाकावयाची. सारख्या विषयाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करावयाचे. ती झाली प्रकरणे. मग क्रम लावावयाचा, वाक्ये जुळवावयाची, आणि शेवटी अनावश्यक शब्द कोण अधिक काढतो याची चढाओढ लावावयाची. या रीतीत हुशार मुलाची चिठ्ठी आणि अडखळणाऱ्या मुलाची चिठ्ठी टेबलावर सारख्याच मापाची असते. कोणाची कोणती हे विचारले जात नाही. ती उपयोगी आहे की नाही एवढेच पाहिले जाते. नापास ठरलेल्या मुलांना याच समानतेने लिहिते केले.

वर्गात करावयाचे पाच उपक्रम

परिचर्येच्या वर्गास पुस्तक लिहावयाचे नाही. तेथे पाच ते दहा मिनिटे पुरतात. चार अटी पाळाव्यात. गट दोन ते चार जणींचा असावा. प्रश्न एकच आणि नेमका असावा. वेळ घड्याळ लावून मोजलेली असावी. आणि लिहिलेले निदान काही गटांनी वाचून दाखवावे. या अटींत राहून करता येण्याजोगे पाच उपक्रम पुढे दिले आहेत.

पहिला उपक्रम जोडीने विचार करण्याचा. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये तो मांडला. अध्यापकाने प्रश्न सांगावा. प्रत्येकीने दोन मिनिटे एकटीने लिहावे, नंतर तीन मिनिटे शेजारणीशी बोलून दोघींचे मिळून एक उत्तर लिहावे, आणि मग ते वर्गास सांगावे. ‘मधुमेही रुग्णाला एकाएकी दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, प्रथम काय कराल?’ असा प्रश्न घ्यावा. एकटीच्या मनात असलेले ‘साखर कमी झाली असेल’ हे उत्तर शेजारणीच्या कागदावरही दिसले की तिला धीर येतो. मग ‘शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे, शुद्ध नसेल तर तोंडाने काहीही देऊ नये, आणि रक्तातील साखर लगेच तपासावी’ एवढे पूर्ण उत्तर दोघींच्या नावाने वर्गासमोर येते. चुकले तर दोघींचे चुकते; त्यामुळे चुकण्याचे भय निम्मे होते.

दुसरा उपक्रम फिरत्या कागदाचा. चौघींचा गट करून प्रत्येकीस एक कागद द्यावा. प्रत्येक कागदाच्या शिरोभागी एका रुग्णाची हकिगत दोन ओळींत लिहिलेली असावी. समजा, पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला सत्तर वर्षांचा वृद्ध आहे आणि त्याच्या माकडहाडाजवळची त्वचा लाल झाली आहे. पहिली मुलगी त्यावर फक्त निरीक्षण लिहील : बोटाने दाबून सोडले तरी लाली जात नाही, अंथरूण ओले आहे. दुसरी अडचण लिहील : शय्याव्रणाची पहिली अवस्था सुरू झाली आहे. तिसरी उपाय लिहील : दर दोन तासांनी कूस बदलावी, चादरीला सुरकुती राहू देऊ नये, त्वचा कोरडी ठेवावी, आहारात प्रथिने वाढवावीत. चौथी प्रत्येक उपायामागचे कारण लिहील. दर दोन मिनिटांनी कागद पुढे सरकतो, आणि आठ मिनिटांत गटाजवळ चार रुग्णांच्या शुश्रूषेचे आराखडे तयार होतात. प्रत्येकीस चारही प्रकारचे काम करावे लागते. पहिलीने निरीक्षण अर्धवट लिहिले तर पुढचीस अडचण ओळखता येत नाही. आणि वॉर्डात एकीच्या नोंदीवर दुसरीचे काम कसे अवलंबून असते, हे निराळे शिकवावे लागत नाही.

तिसरा उपक्रम निरोपाचा. रुग्णाची स्थिती दुसऱ्यास कळविण्यासाठी चार पायऱ्यांची एक पद्धत आज जगभर वापरली जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एस-बार’ म्हणतात. आता काय घडते आहे, मागची हकिगत काय, त्यावरून काय वाटते, आणि काय करावे अशी विनंती आहे, या तिच्या चार पायऱ्या. पाणबुड्यांवरील नौसैनिकांच्या शिस्तीतून ही पद्धत रुग्णालयांत आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय सुचविले, त्यांत रुग्णाची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे देतानाच्या संभाषणासाठी या पद्धतीचा उल्लेख केला.

वर्गात तिघींच्या गटास एक प्रसंग द्यावा आणि चार वाक्यांचा निरोप लिहावयास सांगावे. पहिल्या प्रयत्नात बहुधा असे काही येते : ‘सर, सात नंबरचा पेशंट बरा दिसत नाही, तुम्ही येता का?’ यातून ऐकणाऱ्यास काहीच कळत नाही. मग गट पुन्हा बसतो आणि लिहितो : ‘सात नंबरच्या रुग्णाचा रक्तदाब ९०/६० वर आला आहे, नाडी ११८ आहे आणि ड्रेसिंग रक्ताने भिजले आहे. सहा तासांपूर्वी त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा रक्तदाब १२४/८० व नाडी ८४ होती. आतून रक्तस्राव होत असावा असे वाटते. आपण ताबडतोब येऊन पाहावे, आणि तोवर काय सुरू करावयाचे ते सांगावे.’ दोन्ही निरोप वर्गात मोठ्याने वाचून दाखवावेत. दुसऱ्या निरोपात नम्रता कमी नाही, परंतु अनिश्चितता नाही. हा निरोप लिहून पाहिलेली मुलगी तो पुढे तोंडी देऊ शकते.

चौथा उपक्रम आईसाठी चार वाक्यांचा, आणि खेड्यापाड्यांच्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. पाठ्यपुस्तकात असते : ‘अतिसाराने निर्जलीकरण झालेल्या बालकास क्षारसंजीवनी पुरेशा प्रमाणात द्यावी.’ परीक्षेत या वाक्यास गुण मिळतात; घरी आईस यातून काहीच हाती लागत नाही. गटाने हेच वाक्य आईला समजेल असे लिहावयाचे. चौघींपैकी एकीने आई व्हावे आणि प्रश्न विचारावेत. निर्जलीकरण म्हणजे काय? पुरेसे म्हणजे किती? एक लिटर कशाने मोजू? घरात तांब्या आहे, पण तांबे काही सारखे नसतात. अशा प्रश्नांनी वाक्ये घासूनपुसून निघतात आणि शेवटी कागदावर येते : ‘बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले आहे, ते भरून काढायचे आहे. एक लिटरच्या बाटलीने मोजून उकळून गार केलेले पाणी घ्या आणि लिटरचे पाकीट त्यात पूर्ण रिकामे करा. पाकीट नसेल तर तेवढ्याच पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. प्रत्येक जुलाबानंतर थोडेथोडे पाजा, अंगावरचे दूध चालू ठेवा, आणि केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्या.’

यातील प्रत्येक शब्दास वजन आहे. ‘सपाट’ हा शब्द गळला तर मीठ वाढते आणि ते बालकास अपायकारक ठरू शकते. लिटरचे पाकीट एका पेल्यात कालविले तरी तेच होते. आणि बाजारात लहान पाकिटेही मिळत असल्यामुळे पाकिटावर पाणी किती लिहिले आहे ते पाहण्यास आईला सांगणे अगत्याचे ठरते. हे चार जणींनी वाद घालून शोधले म्हणजे ते विसरत नाही.

पाचवा उपक्रम शब्दांच्या वहीचा. रुग्ण पाठ्यपुस्तकाची भाषा बोलत नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गोव्याबरोबरच सिंधुदुर्ग, कारवार व बेळगावकडूनही रुग्ण येतात. कोंकणी रुग्ण ‘जोर आयला’ म्हणतो तेव्हा त्यास ताप आलेला असतो. मराठी मुलीस मात्र ‘जोर’ म्हणजे शक्ती वाटते. कन्नड रुग्ण ‘सुस्तु’ म्हणतो तेव्हा तो थकवा सांगत असतो. मराठी कानास ते आळसासारखे ऐकू येते. घाटावरचा शेतकरी ‘अंगात कसर आहे’ म्हणतो आणि थर्मामीटर लावण्याआधीच बारीक तापाची सूचना देतो. दर आठवड्यास प्रत्येक गटाने वॉर्डात ऐकलेले असे पाच शब्द, त्यांचा अर्थ आणि शास्त्रीय संज्ञा एका सामाईक वहीत लिहावी. वर्षअखेरीस त्या संस्थेजवळ स्वत:चा असा एक छोटा कोश तयार होईल. या कामात खेड्यातून आलेली, इंग्रजीत मागे पडणारी मुलगी सर्वांच्या पुढे असते. इतरांनी तिला विचारावे लागते. वर्गातील तिची जागा त्या दिवसापासून बदलते.

याने साधते काय?

लिहिणे म्हणजे आधीच झालेला विचार कागदावर उतरविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जेनेट एमिग यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात लेखन हीच शिकण्याची एक स्वतंत्र रीत आहे, असे प्रतिपादन केले. मनात धूसर असलेली गोष्ट वाक्यात बसवू गेले की तिच्यातील उणीव आपोआप उघडी पडते. एकटीने लिहिताना ती उणीव झाकता येते. चौघींनी मिळून लिहिताना कोणीतरी विचारतेच, ‘हे कशावरून?’ सहलेखनाचा सारा लाभ या एका प्रश्नात आहे.

दुसरा लाभ अध्यापकाचा. तासाच्या मध्यावर पंधरा गटांचे पंधरा कागद हाती आले की वर्गास काय समजले आणि काय समजले नाही, हे परीक्षेची वाट न पाहता त्याच दिवशी कळते. निम्म्या गटांनी एकच चूक केली असेल, तर ती चूक मुलींची नसून शिकविण्यात काही राहून गेले आहे, असे समजण्यास हरकत नाही.

अडचणी व उपाय

या मार्गात अडचणी नाहीत असे म्हणणे खरेपणास धरून होणार नाही. पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम मोठा, तास थोडे. त्यात लेखनाचे खेळ कोठे बसवावेत? यावर उत्तर असे की, रोज प्रत्येक तासास हे करावयाचे नाही. आठवड्यातून दोन तासांत दहादहा मिनिटे काढली तरी पुरे.

दुसरी अडचण गटातील असमानतेची. एक मुलगी लिहिते आणि तिघी पाहत बसतात, हे नेहमीचे चित्र आहे. म्हणून कामे वाटून द्यावीत : एक लिहिणारी, एक विचारणारी, एक शब्द तपासणारी, एक वाचून दाखविणारी, आणि दर वेळी ही कामे बदलावीत. फिरत्या कागदात तर कोणासच स्वस्थ बसता येत नाही. गटही अध्यापकानेच पाडावेत, एरवी मैत्रिणी मैत्रिणींजवळ बसतात आणि जिला मैत्रीण नाही ती पुन्हा एकटी पडते. आता या वर्गांत मुलगेही येतात. त्यांचाही निराळा गट करू नये.

तिसरी अडचण भाषेची. पहिला विचार कोणत्याही भाषेत लिहू द्यावा. गटाने मिळून त्याचे इंग्रजी करावे. व्याकरणाच्या चुकीसाठी त्या वेळी टोकू नये. मात्र मात्रा, आकडा, औषधाचे नाव आणि बाजू, म्हणजे डावी की उजवी, यांतील चूक तेथल्या तेथे फळ्यावर दुरुस्त झालीच पाहिजे. चार जणींच्या संमतीने लिहिलेली चूक एकटीच्या चुकीपेक्षा अधिक खरी वाटते, हा या पद्धतीतील खरा धोका आहे, आणि त्यावर अध्यापकाची नजर हाच उपाय आहे. म्हणून शेवटची पाच मिनिटे अध्यापकाने स्वत:कडे ठेवावीत.

चौथी गोष्ट विश्वासाची. वॉर्डातील खरा प्रसंग वर्गात घेताना रुग्णाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण कागदावर येता कामा नये. लिहितानाच ही सवय लागली तर बोलतानाही ती टिकते.

आणि शेवटी, या लेखनास गुण देऊ नयेत. गुण आले की भय परत येते.

सहलेखनाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. सुई कशी टोचावी, जखम कशी बांधावी, हे लिहून येत नाही. त्यास हातांचा सराव आणि अनुभवी सिस्टरांची देखरेखच हवी. व्याख्यानाची जागाही हे उपक्रम घेऊ शकत नाहीत. ज्या विषयाची माहितीच नाही त्यावर चार जणी मिळून काय लिहिणार? आधी ज्ञान, मग त्यावर लेखन, हाच क्रम योग्य होय.

खर्च कोणता, लाभ कोणाचा?

शासनाच्या दृष्टीने पाहता या कामास इमारत नको, यंत्र नको, नवे पद नको. एका बाजूने वापरलेले कागद, लेखण्या आणि एक घड्याळ एवढ्या साहित्यावर ते चालते. प्राचार्यांनी अध्यापकांस मोकळीक द्यावी, आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी वर्गातील कुजबूज ऐकून बेशिस्तीचा शेरा मारू नये, एवढेच मागणे आहे. जेथे चार मुली एका कागदावर वाकून हळू आवाजात वाद घालीत आहेत, तेथे काम चालू आहे असे समजावे. दोन वर्षांचा सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम असो, तीन वर्षांची पदविका असो की चार वर्षांची पदवी असो, हे उपक्रम सर्वत्र सारखेच चालतील.

गावकऱ्यांनाही यात एक वाटा आहे. उपकेंद्रातील सिस्टरने औषध कसे घ्यावे हे सांगितल्यानंतर ‘समजले ना?’ या प्रश्नास मान डोलावून घरी जाऊ नये. ‘सिस्टर, मी परत सांगतो, बरोबर आहे का पाहा’ असे म्हणून तिने सांगितलेले तिलाच ऐकवावे. चुकले असेल तर तेथेच कळेल. वर्गात ‘आईसाठी चार वाक्ये’ लिहून शिकलेली परिचारिका या बोलण्याने रागावणार नाही. तिला ते ओळखीचेच वाटेल.

रात्री दोन वाजता वॉर्डातील दिवे मंद झालेले असतात, तीसचाळीस खाटांवर माणसे झोपलेली असतात आणि त्या सर्वांसाठी जागी असलेली एक तरुण मुलगी टेबलापाशी बसून नोंदी करीत असते. त्या घटकेस अध्यापक जवळ नसतो, पुस्तक जवळ नसते, मैत्रिणीही जवळ नसतात. सात नंबरच्या खाटेवर काही बिघडले तर काय पाहावे, काय लिहावे आणि कोणास कोणत्या शब्दांत कळवावे, हे तिचे तिलाच ठरवावयाचे असते. ते शब्द तिच्या मुखी असावेत, यासाठी वर्गातील दहा मिनिटे आणि एक कागद देणे हे कोणत्याही अध्यापकाच्या आवाक्यातील काम आहे. येत्या सोमवारी पहिल्या तासास त्याचा आरंभ व्हावा.